एका घरी गणपती ऑगस्टात, दुसऱ्या घरी सप्टेंबरात: खरी चतुर्थी कोणती हे तपासता येतं का?

तेरडा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रश्न पंचांगाचा आहे, पण मुद्दाम विज्ञान विभागात टाकतेय.

माझं सासर रत्नागिरी तालुक्यातलं. मूळ घरात नाना, म्हणजे माझे चुलत सासरे, आणि खालच्या घरात आम्ही, सासऱ्यांसोबत. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. वाटण्या झाल्यापासून गणपतीही दोन. नानांकडे पहिल्यापासून टिळक पंचांग. अप्पा नोकरीनिमित्त पुण्यात होते, तिथे त्यांना दाते पंचांगाची सवय लागली आणि निवृत्तीनंतर ती गावी आली. एरवी दोन्हींची चतुर्थी बहुतेक वर्षी एकाच दिवशी येते, त्यामुळे कोणाला काही वाटत नव्हतं. 2023 साली मात्र नानांचा गणपती 20 ऑगस्टला बसला आणि आमचा 19 सप्टेंबरला. चांगला महिन्याचा फरक.

तेव्हापासून दर श्रावणात ओटीवर हा विषय निघतो. नानांचं म्हणणं, टिळकांचं गणित प्रत्यक्ष आकाशाला धरून आहे. अप्पांचं म्हणणं, दात्यांचंही दृक्‌च (म्हणजे आकाशात दिसतं त्याच्याशी जुळणारं) आहे, आणि वर सरकारी समितीनेही हाच पक्ष धरलाय. म्हणजे दोघंही शास्त्राचं नाव घेतात आणि दोघंही विज्ञानाचं. आमच्या ह्यांचं मत, दोनदा मोदक मिळाले ना, मग गप्प बसा.

मला गप्प बसवत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी पेशंटचा पहिला नमुना लावायच्या आधी कंट्रोल, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना, लावायचा, आकडा ठरलेल्या मर्यादेत आला तरच पुढे. एकाच रक्ताची साखर एका मशिनवर 110 आणि दुसऱ्यावर 160 आली तर "दोन्ही आपापल्या जागी बरोबर" असं आमच्याकडे कोणी म्हणून बघावं! मग पंचांगाचा कंट्रोल कुठला? आकाशाकडे बघून हा वाद मिटवता येतो का? येत असेल तर इतक्या वर्षांत मिटला का नाही? आणि येत नसेल तर "प्रत्यक्ष आकाशाला धरून" हे दोघं कशाच्या जोरावर म्हणतात?

माझा स्वतःचा एक पुरावा आहे, कितपत टिकतो बघा. 20 ऑगस्टला नानांच्या माटवीला (गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला) बांधायला कवंडळं (रानवेलीची फळं) आणली ती सगळी हिरवीकच्च होती. आमच्या वेळी लालबुंद मिळाली. निसर्गाला भाद्रपद कळतो असं म्हणावं का?

"हा श्रद्धेचा विषय आहे" हे उत्तर कृपया नको. ते घरी मिळतं.

मोडकी दुर्बीण

धागा आवडला, सविस्तर लिहितो.

आधी कवंडळांचा निकाल लावू. 2020 साली दात्यांप्रमाणेही गणपती 22 ऑगस्टलाच होते. दोनच दिवसांचा फरक. त्या वर्षी तुमच्या माटवीला काय होतं ते आठवून बघा. कवंडळं बाद.

आता मुख्य मुद्दा. सूर्य आणि चंद्र आकाशात कुठे आहेत याबद्दल या दोन पंचांगांत वाद नाहीच. अमावास्या म्हणजे दोघांमधलं अंतर शून्य, आणि अंतर मोजायला शून्य बिंदू कुठे धरला याने काही बिघडत नाही. 16 ऑगस्ट 2023 ची अमावास्या दुपारी तीनच्या सुमारास संपली, ती दोन्हींकडे तीच. ग्रहणंही तीच. तुमच्या भाषेत, या भागाचा कंट्रोल पास आहे.

भांडण आहे महिन्याच्या नावाचं. चांद्रमासाला नाव मिळतं ते त्या महिन्यात सूर्य कुठल्या राशीत शिरतो त्यावरून. सिंहेत शिरला तर श्रावण, कन्येत शिरला तर भाद्रपद, कुठेच शिरला नाही तर तो अधिक. दात्यांप्रमाणे सूर्य 17 ऑगस्टला सिंहेत गेला, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे 18 जुलै ते 16 ऑगस्ट या महिन्याला संक्रांतच मिळाली नाही, तो अधिक श्रावण झाला. टिळकांप्रमाणे हीच संक्रांत 13 ऑगस्टला, अमावास्येच्या आधी होऊन गेली. म्हणून त्यांच्याकडे तोच महिना साधा श्रावण, आणि 17 ऑगस्टपासून भाद्रपद. अमावास्या नेमकी या चार दिवसांच्या फटीत सापडली म्हणून महिन्याचा फरक. ज्या वर्षी ती अशी सापडत नाही त्या वर्षी नाना आणि अप्पा एकत्र मोदक खातात.

हे चार दिवस आले कुठून? मेष राशीचा आरंभ कुठे धरायचा इथून. सूर्यसिद्धान्त या जुन्या ग्रंथात नक्षत्रांच्या योगतारांची, म्हणजे प्रत्येक नक्षत्राच्या मुख्य ताऱ्याची, स्थानं दिलेली आहेत. रेवतीचा तारा 359 अंश 50 कला, म्हणजे जवळपास शून्यावर. चित्रेचा तारा 180 अंशांवर. ग्रंथाप्रमाणे दोघं समोरासमोर हवेत. आकाशात मोजलं तर रेवतीपासून चित्रा सुमारे 184 अंशांवर भरते. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, चार अंश म्हणजे चार दिवस. म्हणूनच टिळक पंचांगात मकरसंक्रांत 10-11 जानेवारीला असते.

गंमत अशी की या दोन ओळी एकदम खऱ्या असूच शकत नाहीत. केरो लक्ष्मण छत्र्यांनी 1860 च्या दशकात नॉटिकल आल्मनॅकवरून (जहाजांसाठी छापलेल्या ग्रहताऱ्यांच्या तक्त्यांवरून) नवं पंचांग काढलं तेव्हा रेवती धरली, त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक तोच पक्ष घेऊन पुढे गेले. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा धरली. हे केतकर साधे गृहस्थ नव्हेत, नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावा असं गणित त्यांनी 1911 साली, प्लूटो सापडण्याच्या 19 वर्षं आधी, फ्रेंच नियतकालिकात छापलं होतं. दोन्हीकडे कसलेले गणिती. दोघांनी ग्रंथातली एक ओळ ठेवली, दुसरी सोडली. आकाशाने एवढंच सांगितलं की दोन्ही ठेवता येणार नाहीत. कुठली सोडायची ते आकाश सांगत नाही.

परमार्थी

छान चर्चा. पण एक लक्षात घ्या, विज्ञान जिथे संपतं तिथे अध्यात्म सुरू होतं.

तेरडा

@परमार्थी, कुठे संपतं त्या जागेचे अक्षांश-रेखांश मिळाले तर बरं होईल. वर चार अंशांवरून घर फुटायची वेळ आलीय.

@मोडकी दुर्बीण, कवंडळांचं मान्य. 2020 ला लॉकडाऊन होता, मिळेल ते बांधलं होतं, रंग आठवत नाही. पण तुमचं उत्तर वाचून मला उलट जास्तच राग आलाय. म्हणजे ग्रंथातली एक ओळ आकाशाशी जुळत नाही हे दोन्ही पक्षांच्या विद्वानांना माहीत होतं?

ध्रुवक

दुर्बीणवाल्यांच्या प्रतिसादात एक दुरुस्ती. सूर्यसिद्धान्तातले आकडे ध्रुवक आहेत (ध्रुवापासून ताऱ्यातून नेलेली रेषा सूर्याच्या मार्गाला जिथे छेदते तिथले), क्रांतिवृत्तावरचे, म्हणजे सूर्याच्या मार्गावर काटकोनात मोजलेले, आजच्या पद्धतीचे भोग नव्हेत. चित्रेच्या बाबतीत याने पाऊण अंशाच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे 184 विरुद्ध 180 ऐवजी 184 विरुद्ध 181 म्हणा. शिवाय रेवतीची योगतारा म्हणजे मीन राशीतला झीटा पिशियम, ही ओळखही परंपरेनेच आलेली आहे. निष्कर्ष बदलत नाही, पण विज्ञान विभागात लिहिताय तर नीट लिहा.

मोडकी दुर्बीण

@ध्रुवक, मान्य. सोपं करायच्या नादात सोडून दिलं होतं.

@तेरडा, माहीत होतं तर! त्यावर ज्योतिष परिषदा भरल्या, पहिली मुंबईत 1904 साली. आणि राग येण्याआधी हेही बघा. 184 अंश म्हणजे एक तारा उगवत असताना दुसरा मावळतीला असतो. दोघांमधलं अंतर थेट मोजता येत नाही, मधल्या ताऱ्यांच्या आधाराने टप्प्याटप्प्याने मोजावं लागतं. नुसत्या डोळ्यांनी हे काम करणाऱ्यांकडून तीन-चार अंश इकडेतिकडे झाले असतील तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही.

पौरोहित्य सांगलीकर

तेरडाताई, मी याज्ञिकी करतो. तुम्ही श्रद्धेवाल्यांना दार लावून घेतलंय तरी खिडकीतून बोलतो.

20 ऑगस्ट 2023 ला सकाळी एका यजमानांकडे गणपतीची प्राणप्रतिष्ठा होती, टिळक पंचांगवाले. संकल्प सांगितला "भाद्रपदमासे शुक्लपक्षे चतुर्थ्यां". तिथून निघून दुसरीकडे वास्तुशांतीच्या तयारीची छोटी पूजा होती, त्यांच्याकडे दाते. तिथे संकल्प "निजश्रावणमासे शुक्लपक्षे चतुर्थ्यां". एकाच सकाळी, दोन तासांच्या अंतराने. तिथी तीच, पक्ष तोच, वार तोच. महिना तेवढा बदलला. माझी जीभ अडखळली नाही, कारण महिना हा यजमानाच्या कुळाचा आचार आहे. तिथीचं तसं नाही. तिथी मी बदलू शकत नाही.

यावर एक जुनी हकिकत सांगतो. पूर्वी आपल्याकडे गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून पंचांगं होत. कोकणातल्याच नांदगावचे ते, ग्रंथ 1520 चा. ज्या-कोटिज्या (साइन-कोसाइन) न वापरता ग्रह काढायची युक्ती, फार सोयीचा ग्रंथ. पण तीन-साडेतीनशे वर्षांत फरक साचला आणि ग्रहणाची छापलेली वेळ नि प्रत्यक्ष ग्रहण जुळेना. तरी नव्या गणिताला शास्त्री मंडळींचा मोठा विरोध झाला. त्यांचा आधार होता "बाणवृद्धी रसक्षय" हा नियम. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. तिथी साठ घटकांपेक्षा जास्तीत जास्त पाच घटकांनी वाढेल आणि सहाने घटेल, याच्या बाहेर नाही. श्राद्धाचे, व्रताचे निर्णय या हिशेबावर बेतलेले. आणि नवं गणित म्हणत होतं की चंद्र हा नियम पाळत नाही, तो तिथीला सात घटका वाढवतो आणि दहा घटका घटवतो. घटका 24 मिनिटांची, म्हणजे तिथी कधी वीसच तासांची तर कधी पावणेसत्तावीस तासांची.

शेवटी कोण जिंकलं? चंद्र. आज सांगली-पुण्याकडची चालू पंचांगं बघा, सगळी दृक्‌. याज्ञिकांनीही ती स्वीकारली, आणि धर्म बुडाला नाही.

तेरडा

@पौरोहित्य सांगलीकर, गुरुजी, खिडकी काय, दार उघडलं. संकल्पाचं वाचून थक्क झाले.

पण एक विचारते, राग मानू नका. तुम्ही पूजा काही सत्य शोधायला करत नाही. परंपरेने आलेलं पाळायला करता. मग तिथी चंद्राप्रमाणे असो की जुन्या नियमाप्रमाणे, बिघडतं काय? तिथेही "कुळाचा आचार" म्हणून भागलं असतं.

पौरोहित्य सांगलीकर

राग कसला. भागलं नसतं. संकल्प म्हणजे देवासमोर उभं राहून, हातात पाणी घेऊन केलेलं विधान आहे. आज अमुक तिथी आहे, सूर्य अमुक राशीत आहे, चंद्र अमुक नक्षत्रात आहे, असं म्हणून मग मी पाणी सोडतो. चतुर्थी संपून पंचमी लागलेली मला ठाऊक असताना "चतुर्थ्यां" म्हणणं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं. मला वेध घेता (आकाशात प्रत्यक्ष मोजता) येत नाही, म्हणून ज्याला येतो त्याचं मी ऐकतो. यात माझी श्रद्धा कमी होत नाही, उलट श्रद्धेपायीच ऐकावं लागतं.

चिकित्सक

गुरुजींचा प्रतिसाद प्रांजळ आहे, तरी सगळं इतकं गोड नाही. त्याच संकल्पात बरेच जण जानेवारीच्या मध्यापर्यंत "दक्षिणायने" म्हणतात. सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला. हातात पाणी घेऊन तीन आठवड्यांहून जास्त काळ चुकीचं विधान होतं, आणि दर 72 वर्षांनी त्यात सुमारे एका दिवसाची भर पडते, कारण नक्षत्र-वर्ष ऋतु-वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं आहे. इथे ते वेध घेणाऱ्याचं ऐकत नाहीत. म्हणजे ग्रहण उघड्यावर चुकायला लागलं तेव्हा ऐकलं, अयनाचं कोणाच्या डोळ्यांवर येत नाही म्हणून सोडून दिलं.

दुसरं, याच पंचांगाच्या मागच्या पानांवर वर्षफल छापलेलं असतं. ते ज्यावर उभं आहे त्या फलज्योतिषाचा कंट्रोल लावून झालेला आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी 200 पत्रिका गोळा केल्या. निम्म्या हुशार विद्यार्थ्यांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या आणि कुठली कुणाची एवढंच ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर 50 आले असते. लेख 2009 साली करंट सायन्समध्ये आला.

म्हणून तेरडाताई, "पंचांग खरं की खोटं" असा प्रश्नच मी विचारत नाही. एकाच बांधणीत तीन वेगळ्या वस्तू आहेत. पुढच्या पानांवरचं गणित तपासलं आणि उतरलं. मागचं फल तपासलं आणि पडलं. आणि तुमचा महिना तपासायला घेतला तर तिथे मोजण्यासारखं काही नाही.

तेरडा

@चिकित्सक, तिसरी वस्तूच तर माझ्या घरात भांडण लावतेय! "मोजण्यासारखं काही नाही" म्हणजे विज्ञानाकडे उत्तर नाही, असं नाना विजयी मुद्रेने म्हणतील.

चिकित्सक

म्हणू द्या. विज्ञानातही ठरवलेले शून्य असतात. रेखांशाचं शून्य ग्रिनिचला आहे ते कोणी शोधून काढलेलं नाही. 1884 साली वॉशिंग्टनला मतदान झालं, 22 देश बाजूने, एक विरोधात, दोन तटस्थ. फ्रान्स तटस्थ होता आणि पुढे बरीच वर्षं पॅरिसचंच शून्य वापरत राहिला. आपल्याकडे त्याआधी उज्जैनचं शून्य चालत होतं, तेही तितकंच बरोबर. फरक एवढाच की ग्रिनिचवाले "आमचं शून्य अनादि आहे" असं म्हणत नाहीत. सोयीसाठी धरलंय असं सांगतात आणि उद्या बदलायला तयार असतात.

तुमच्या अप्पांची सरकारी समिती म्हणजे मेघनाद साहांची पंचांग सुधारणा समिती, नेमली 1952 साली, अहवाल 1955 चा. तिने 21 मार्च 1956 ला अयनांश (ऋतूंच्या शून्यापासून राशींच्या शून्यापर्यंतचं अंतर) 23 अंश 15 कला धरावेत असं सुचवलं, म्हणजे व्यवहारात चित्रापक्ष. तो एक निर्णय होता. चित्रा खरी आणि रेवती खोटी असा शोध काही समितीला लागला नव्हता. आकाशवाणीच्या बातम्यांत "भारतीय सौर" म्हणून जो दिनांक सांगतात तो त्याच अहवालातला, 22 मार्च 1957 पासून लागू. तो मात्र ऋतूंना धरून आहे, आणि त्याप्रमाणे सण कोणीच करत नाही.

एडिसनकर

आमच्या न्यू जर्सीत मंडळाचा गणपती शनिवारी बसतो. पार्किंग मिळणं हा एकमेव मुहूर्त. वाचतेय, चालू द्या.

तेरडा

सगळे प्रतिसाद काल रात्री जेवणं झाल्यावर घरी मोठ्याने वाचून दाखवले. दोघंही समोर होते.

अप्पा समितीचं ऐकून खूष झाले आणि "तो एक निर्णय होता" या वाक्याला एकदम नाराज. नानांना वॉशिंग्टनचं मतदान फार आवडलं. त्यांचं म्हणणं, मतदानच करायचं असेल तर मूळ घराला दोन मतं हवीत.

मला स्वतःला जे पटलं ते लिहिते. गुरुजी म्हणतात तिथी बदलता येत नाही, महिना कुळाप्रमाणे. हे मला चालेल, पण मग दोन्ही घरांनी "आमचंच आकाशाला धरून" हे म्हणणं बंद करायला हवं. तिथीपुरतं दोघांनीही म्हणावं, महिन्यासाठी "आमच्याकडे असं आहे" एवढंच. लॅबमध्येही दोन पद्धतींच्या मर्यादा वेगळ्या असतात, पण रिपोर्टवर कुठली पद्धत ते छापावं लागतं. नानांना हे सांगितलं. ते म्हणाले, असं म्हणायला लागलो तर पुढची पिढी दोन्ही सोडून देईल. हे मी अजून खोडून काढू शकलेले नाही. एडिसनकरांचा प्रतिसाद वाचल्यावर तर मुळीच नाही.

आणखी एक विचारलं. नाना, तुम्ही रेवती पक्षाचे, रेवतीचा तारा कधी पाहिलात? म्हणाले, पाहायचा कशाला, पंचांगात आहे की. अप्पा हसले, म्हणून त्यांना चित्रा कुठली ते विचारलं. तेही गप्प. तर @मोडकी दुर्बीण, हे दोन तारे गावातून दिसतात का आणि कधी?

मोडकी दुर्बीण

चित्रा सोपी आहे. एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षींच्या शेपटीचं वळण तसंच पुढे न्या. आधी तांबूस, ठसठशीत स्वाती लागते, आणखी पुढे आग्नेयेकडे पांढरी-निळसर चित्रा. अप्पांना चष्म्यातूनही दिसेल.

रेवतीचं कठीण आहे. झीटा पिशियम पाचव्या प्रतीच्या आसपासचा, शहरातून नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस, चंद्र नसलेली रात्र बघून, नऊच्या सुमारास जवळपास डोक्यावर पाहा. वाडीतले दिवे बंद करायला लावा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. एवढा अंधुक तारा शून्यासाठी कशाला धरायचा, असा चित्रावाल्यांचा एक आक्षेप होताच, त्यामुळे नानांना दाखवण्याआधी विचार करा. बायनॉक्युलर लागेल, 7x50 असेल तर उत्तम. तुमच्याकडे नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रत्नागिरीत ओळखीत एक-दोघांकडे आहे, विचारून ठेवतो.